‘द’चा ‘ध’

भटजींचा फोन आला तेव्हा मी डिंकाचा लाडू खात होते आणि आई बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवत होती. "रोहिणी, तिसरा चरण. वृषभ रास. अक्षर वी," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

नक्षत्राच्या अक्षरावरून नाव ठेवायचं नाही, हे माझं आणि नवऱ्याचं लग्नाआधीच ठरलेलं. पण आमच्या यादीत तोवर चाळीसेक नावं झाली होती आणि एकावरही एकमत नव्हतं. अक्षर मिळाल्यावर निदान बाकीची बाराखडी तरी बाद झाली.

'वि'वरून आजकाल काय नावं ठेवतात ते कुणालाही विचारा. विहान, विवान, विराज. मावसबहिणीच्या सोसायटीत दोन विहान आहेत. एक 'बी विंगचा विहान' आणि दुसरा 'कुत्र्याचा विहान', म्हणजे ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांचा. मला हे नको होतं. शाळेत आमच्या वर्गात चार अश्विनी होत्या. बाईंनी पहिल्याच दिवशी नंबर देऊन टाकले, आणि दहावीच्या निरोप समारंभापर्यंत मी 'अश्विनी तीन' होते. अजून एखादी वर्गमैत्रीण बाजारात भेटली की "अगं, तीन ना तू?" म्हणते.

विकर्ण सुचलं होतं आधी. द्रौपदीच्या बाजूनं भर सभेत बोललेला कौरव. पण हिंदीत विकर्ण म्हणजे चौकोनाचा कर्ण, आणि नवऱ्याचं शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झालेलं. "मुलाला हाक मारली की मला समांतरभुज चौकोन दिसेल," तो म्हणाला. संपलं.

मग एका रात्री मला विदुर आठवला.

मी एका सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षण करते. कर्जाच्या फायली उघडायच्या, तारण मालमत्ता जाऊन बघायची आणि जे वरच्या कुणालाच ऐकायचं नसतं ते स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचं. हस्तिनापुरात हे काम विदुराकडे होतं. वारणावतातलं घर लाखेचं आहे, हे त्यानं युधिष्ठिराला गूढ भाषेत आधीच सांगितलं आणि मागाहून भुयार खणणारा माणूसही पाठवला. द्यूत नको म्हणाला. धृतराष्ट्राला झोप येईना तेव्हा रात्रभर बसून त्याला चार गोष्टी सांगितल्या, तीच विदुरनीती. ऐकलं कुणी काहीच नाही, पण त्यानं सांगायचं सोडलं नाही. मला हा माणूस कायम आपल्या खात्यातला वाटत आलाय. नावाचा अर्थही सरळ: विद् म्हणजे जाणणं, विदुर म्हणजे जाणता.

सकाळी नवऱ्याला पुण्याला फोन लावून सांगितलं. पलीकडून दोन सेकंद काहीच नाही. मग, "काय? विधुर?"

आम्ही दोघंही हसलो. आणि मग दोघंही एकदम गप्प झालो, कारण फोन स्पीकरवर होता आणि मागं अण्णांचा खोकला ऐकू आला. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

"अण्णा, विदुर. द, दप्तरातला," नवरा घाईघाईनं म्हणाला.

"चांगलं आहे की," अण्णा म्हणाले, आणि गॅलरीतला नळ सोडल्याचा आवाज आला. सकाळी एकदा झाडांना पाणी घालून झालेलं असतं त्यांचं.

त्या दिवसापासून ऑडिट सुरू झालं. सवयच ती. मोबाईलवर एक तक्ता केला आणि या नावाला काय काय चिकटलंय ते एकेका ओळीत लिहीत गेले, शेजारच्या रकान्यात जोखीम: कमी, मध्यम, जास्त. बाळंतिणीला तसंही रात्री दोन तासांनी उठावंच लागतं.

अशाच एका रात्री तीनच्या सुमाराला, बाळ अंगावर पीत असताना, आदिपर्वाचं भाषांतर वाचता वाचता मी एका ठिकाणी अडले. दुर्योधन जन्मतो तेव्हा कोल्हे ओरडतात, अपशकुन होतात, आणि धृतराष्ट्राला 'हे मूल टाकून दे' असं सांगणाऱ्यांत विदुर असतो. कुळासाठी एकाला टाकावं, गावासाठी कुळाला टाकावं, हा श्लोक तिथला. मी खाली बघितलं. इवल्या मुठीत माझ्या गाऊनचं बटण धरून, डोळे मिटून चुटुचुटु चाललं होतं. तान्ह्याला टाकून द्या म्हणणाऱ्याचं नाव मी तान्ह्याला ठेवायला निघाले होते. गोष्टीच्या हिशोबानं विदुराचा सल्ला बरोबर निघतो, हे तर आणखी वाईट. फोन उशीखाली सारला. सकाळी तक्त्यात 'जास्त' लिहिलं, दुपारी खोडून 'मध्यम' केलं.

दासीपुत्र असणं मला जोखीम वाटली नव्हती. अंबिकेनं दुसऱ्या वेळी स्वतः व्यासांकडे न जाता दासीला पाठवलं आणि तिच्या पोटी तिघांतला शहाणा मुलगा आला, यात मुलाला कमीपणा येण्यासारखं काय आहे? पण आईच्या नागपूरच्या मावशींचा फोन आला. नाव कळल्यावर त्या जरा घुटमळल्या. "आमच्याकडे विदुर नावाची एक जात होती बरं का. लग्नाबाहेरच्या संबंधातल्या मुलांची, असं म्हणायचे लोक. आता कोणी तसं बोलत नाही म्हणा." आजवर मी हे कधीच ऐकलं नव्हतं. म्हणजे एका शहाण्या माणसाचं नाव उचलून पिढ्यान्पिढ्या माणसांच्या कपाळावर चिकटवलं होतं, आणि ते शहाणपणासाठी नव्हतं. मावशींचा हेतू 'नको ठेवू' असा होता. माझं मात्र उलटंच झालं. त्या ओळीपुढं जोखमीचा रकाना मी रिकामाच ठेवला.

दादाचं काम सोपं होतं. त्यानं चिडवाचिडवीची चाचणी घेतली. माझा भाऊ पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे या विषयात त्याचा अधिकार मोठा. कागद-पेन घेऊन बसला आणि दहा मिनिटांत म्हणाला, "विदूषक. उंदीर. बस. दोन्ही सौम्य आहेत. नाव काहीही ठेव, पोरं काहीतरी काढतातच. माझ्या वर्गात एका आरुषला खारूष म्हणतात." विधुर त्याच्या यादीत नव्हतंच. का, विचारलं तर म्हणाला, "सहावीतल्या पोराला हा शब्द माहीत असतो का?"

नसतो. मलाही तो पहिल्यांदा कळला वधूवर सूचक जाहिरातींत. 'घटस्फोटित, विधुर चालेल.'

ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी हे सगळं हसत हसत सांगत होते. ती मूळची छत्रपती संभाजीनगरची, घरात पाली शिकलेले वडील. ती म्हणाली, "अगं, पण आमच्या जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत, तो विधुरच आहे."

"कोण?"

"तुझा विदुर. विधुरपंडित. कुरुराजाचा शहाणा अमात्य. अजिंठ्याला चित्र आहे की त्याचं, दोन नंबरच्या लेण्यात."

मी ते चित्र बघितलं होतं! कॉलेजच्या सहलीत. झोक्यावर बसलेली एक मुलगी, दोन्ही हातांनी दोर धरलेले. गाईडनं 'ही इरंदती, नागकन्या' असं सांगितलं आणि आम्ही पुढं सरकलो. आता मैत्रिणीनं सगळी कथा सांगितली. नागराणीला विधुराचं हृदय हवं असतं. इरंदतीवर भाळलेला यक्ष पुण्णक त्यासाठी कुरुराजाशी फासे खेळतो, जिंकतो आणि पणात विधुराला मागून घेतो. त्याला ठार मारायला नेतो, पण विधुर त्याच्याशी बोलत राहतो आणि यक्षाचंच मन पालटतं. शेवटी उलगडा होतो की राणीला हृदय म्हणजे त्याचं शहाणपण, त्याचे शब्द हवे होते. इथंही फासे, इथंही सल्लागार, पण इथल्याचं लोक ऐकतात.

म्हणजे द की ध हा घोळ माझ्या घरात सुरू झालेला नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी तो करून ठेवलाय आणि पुढं कुणी त्याचं भिंतीवर सुंदर चित्रही काढलंय. फोन ठेवल्यावर मला उगाचच हलकं वाटलं.

पण तक्त्यातली शेवटची ओळ तशीच होती. तिथं फक्त 'अण्णा' लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी अण्णा मिरजेला बाळाला बघायला आले. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आयुष्याची तीस वर्षं स्टँडवरच्या त्या खिडकीत माइकपुढं गेली. 'कराड-पाटण गाडी फलाट क्रमांक चारवर' हे मी त्यांच्या तोंडून झोपेतही ऐकलंय. पिशवीतून त्यांनी ज्वारीच्या कण्या काढून आईकडे दिल्या, "ताकात शिजवून द्या हिला," म्हणाले, आणि बाळाच्या झोळीशी खुर्ची ओढून बसले. दुपारी घर झोपलं होतं. मीच विषय काढला.

"अण्णा, नाव बदलू का? तुम्हाला बरं वाटणार नसेल तर..."

"का?"

मला शब्द उच्चारता येईना. त्यांनीच उच्चारला.

"विधुर म्हणून? हे बघ, ती गेल्यावर बँकेत एका फॉर्मवर मी तो शब्द लिहिला. एकदाच. त्यानंतर कुणीही मला विधुर म्हणून हाक मारलेली नाही, ओळख करून दिलेली नाही. आमच्या आईला मात्र बेचाळीस वर्षं झाली. तिचा शब्द तिला अजून रोज ऐकू येतो, हळदीकुंकवाला, लग्नात, सगळीकडे. पुरुषाचा शब्द फॉर्मातच राहतो गं." मग झोळीला एक झोका दिला. "त्या दिवशी दचकलो, खोटं नाही सांगत. पण ते नावाला नाही. तू सांगत होतीस आणि मला वाटलं, आता हिला सांगायला पाहिजे आत जाऊन."

हिला म्हणजे सासूबाईंना. मी काही बोलले नाही.

मग अण्णांनी घसा साफ केला आणि अगदी हळू, पण माइकवरच्या त्याच सुरात म्हटलं, "विऽऽदुर." थोडं थांबून पुन्हा. "पुकारायला चांगलं आहे. शेवटचा र गर्दीत हरवेल, पण द पोचतो. जिभेवर दाब देऊन म्हणायचं. विहान-बिहान माइकवरून नुसती वाफ निघते."

इतक्या दिवसांच्या माझ्या तक्त्यात नाव कसं ऐकू जाईल, हा रकानाच नव्हता.

बारसं सव्वा महिन्यानं केलं. कराडजवळच्या गावाहून आजेसासूबाई आल्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्यांच्या जिभेवर शब्दाच्या सुरुवातीचा व टिकत नाही. विठ्ठलाचा इठ्ठल होतो तसा विदुराचा इदूर झाला. "नाव येगळं हाय, पण वंगाळ न्हाई," त्यांचा निवाडा. मग त्यांनी त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. त्याच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. दृष्ट लागू नये, देवालाही न्यावंसं वाटू नये. दगडू, धोंडू, भिका, केरबा, अशी नावं त्या काळी मुद्दाम ठेवायचे. "दगडूमामा म्हटलं की आमच्या डोळ्याम्होरं दगड न्हाई यायचा. त्याचा फेटा यायचा." आम्ही चांगल्या अर्थासाठी पुस्तकं धुंडाळत होतो, आणि त्यांच्या आईनं वाईट अर्थ हेरून, निवडून घेतला होता.

नणंद मान्यवर पाहुणी. नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्याच्या वरून-खालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. ताईंनी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसत होते, त्यातच त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "विदुर!"

मागच्या बायकांत कुजबुज. "काय? काय म्हणाली?" "विधुर म्हणाली का गं?" "छे, काहीतरीच." दोन-तीन जणींनी चटकन अण्णांकडे बघितलं, मी ते बघितलं, आणि त्याच वेळी आजेसासूबाई खड्या आवाजात ओरडल्या, "इदूर! इदूर ठिवलंय!" माझी एक काकू आजतागायत समजते की माझ्या मुलाचं नाव इंदूर आहे आणि ते त्याच्या बाबांच्या शाळेच्या आठवणीत ठेवलंय. दुरुस्त करायचा मी आता प्रयत्न करत नाही. घुगऱ्यांबरोबर त्या दिवशी प्रत्येकाला वाटीभर कण्याही होत्या, अण्णांच्या हट्टानं. कृष्ण दुर्योधनाचं पक्वान्न सोडून विदुराघरच्या कण्या खायला गेला, ही गोष्ट त्यांना कीर्तनातून पाठ. आलेल्यांपैकी निम्म्यांना काही कळलं नाही. कण्या मात्र संपल्या.

राहिलं दप्तरी काम. दवाखान्यानं जन्माची नोंद केव्हाच केली होती, नावाचा रकाना कोरा ठेवून. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे: नाव नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क चढवता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आम्ही तिसऱ्या महिन्यातच गेलो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा तिथं चूक परवडणारी नव्हती. अर्जावर मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे सुट्टं सुट्टं अक्षर काढून लिहिलं.

खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मसुदा छापून सरकवला. 'तपासून सही करा.' बाळाचं नाव: विधुर.

"अहो, हे द आहे," मी म्हटलं.

"हो, तुमच्याकडून चुकून द पडला होता. मी ध करून घेतला." त्यांचा चेहरा उपकार केल्यासारखा.

नवऱ्याला तिथं हसू आवरेना. पुण्यात ध चा मा झाला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, असं सांगतात. १७७३ सालची गोष्ट. आमचा नुसता द चा ध झाला होता, पण मला हसू येत नव्हतं. "दप्तरातला द. धनुष्यातला ध नाही," मी खिडकीत बोट रोवून सांगितलं. गृहस्थांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे, एकदा बाळाकडे बघितलं. "असं नाव असतं?"

"महाभारतात असतं."

"अच्छा, तो विदुर. मग तसं सांगायचं ना." पोटफाडी रेघ मारून त्यांनी ध चा द केला, नवा मसुदा आला, मी तो तीनदा वाचला आणि सही केली. इंग्रजीत मात्र काही करता येत नाही. तिथल्या 'डी'चा कुणी द वाचेल, कुणी ड. बंगळुरूचा माझा मावसभाऊ त्याला विडूर म्हणतो.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून अण्णा माझ्याबरोबर आले. लसीकरणाच्या दिवशी असते तशी गर्दी, बाकं भरलेली, एकाचं रडणं ऐकून दुसऱ्याचं सुरू. मी आधारकार्डाची झेरॉक्स शोधत पिशवी उपसत होते. नर्सताईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि नाव पुकारलं.

"विधुर! विधुर कोण आहे? चला पटकन."

सगळं बाक वळून बघायला लागलं. अण्णा बाळाला खांद्यावर घेऊन उठले, आणि फलाटावरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "इथं दोन आहेत. कुठला पाहिजे?"

नर्सताईंनी मानही वर केली नाही. "ज्याचं इंजेक्शन राहिलंय तो."